हिलाल आप्पांचा पडदा

नंदुरबारच्या शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात मला ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. भाड्याने घेतलेली खोली वरच्या मजल्यावर आणि खाली घरमालकांचाच फोटो स्टुडिओ. जिना उतरायचा, फोटो काढायचा आणि तसंच शाळेला निघायचं, असं मी ठरवलं होतं. त्या दिवशी माझा पहिला तास बुडाला.

घरमालक म्हणजे हिलाल आप्पा. पासष्टीचे, उंच, किडकिडीत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा वर करायला सांगितली आणि पुढचा अर्धा तास माझ्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्या मागे पाहत होते. मागे गडद हिरव्या रंगाचा कापडी पडदा होता. मधूनच ते पुढे यायचे, माझ्या डोक्यावरून हात लांबवून पडद्यावर पाण्याचा बारीक फवारा मारायचे, तळहाताने कापड खाली ओढायचे, पुन्हा कॅमेऱ्यामागे जाऊन एक डोळा मिटायचे आणि मान हलवायचे. फवाऱ्यातलं निम्मं पाणी माझ्या केसांवर पडत होतं, पण त्याची दखल घ्यावी असं त्यांना वाटलं नाही.

"हालू नका, बाई," ते म्हणाले. "पडदा आत्तेच बठना."

एकदाचे ते बटण दाबणार, तोच पडदा शिंकला.

मी किंचाळून उठले. तो मिरचीचा हंगाम होता. त्या दिवसांत गावाबाहेर लाल मिरच्या वाळत पसरलेल्या असतात आणि वारा फिरला की अख्खं गाव शिंकतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पडदे शिंकतात हेही ठाऊक नव्हतं. पडद्याच्या डाव्या काठावर चार बोटं होती. तिथूनच एक गोल, घामेजलेला, हसरा चेहरा बाहेर आला.

"घाबरू नका वं माय," तो चेहरा म्हणाला. "मिरची नाकम्हा गयी. बठा तुम्ही. मी पडदा धरेलच शे."

"रघूनी माय शे," आप्पांनी ओळख करून दिली आणि तेवढ्यात बटण दाबलं.

त्या फोटोत माझे डोळे कपाळाला भिडले आहेत आणि तोंड अर्धवट उघडं आहे. मी दुसरा काढा म्हणाले तर आप्पांना नवल वाटलं. त्यांनी फोटो माझ्यासमोर धरला आणि बोट माझ्या चेहऱ्याच्या बाजूबाजूने फिरवलं. "देखा. एक तरी सळ दिखस का?" कापडावरच्या चुणीला ते सळ म्हणत. सळ एकही नव्हती. तो घाबरलेला चेहरा गळ्यात अडकवून मी त्या शाळेत सहा वर्षं शिकवलं.

आप्पा मूळचे कोरीटचे. घरची शेती, दोघे भाऊ शेतीतच. हे मात्र तरुणपणी कॅमेऱ्याच्या नादाने नंदुरबारला आले. भाऊ अजून म्हणत, वावर सोडीसन हाऊ फडकं ताणी ऱ्हायना. बाजारात त्यांचं चांगलं चालणारं दुकान होतं. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला तसं त्यांनी ते आवरलं आणि घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ थाटला. खोली अरुंद होती. वर आडवी नळी, तिला पडदा. उजव्या बाजूला भिंतीत खुंट्या, त्यांना चिमट्यांनी कापड ताणलेलं. खालच्या काठात वाळू भरलेली दुसरी नळी, वजनासाठी. डावीकडे मात्र स्वयंपाकघराचं दार होतं, म्हणजे खुंटी ठोकायला भिंतच नव्हती. म्हणून त्या दारात उभं राहून पडद्याची डावी कड आप्पांच्या पत्नी, म्हणजे त्या दिवशी शिंकलेल्या द्वारकाअक्का धरत. आतून त्यांचा आवाज येई, "आयकं का, लवकर करा, तवावर भाकर शे." पुष्कळांच्या लग्नाच्या स्थळासाठी पाठवलेल्या फोटोंमागे ही भाकरी करपलेली आहे. उभ्या फोटोत पडद्याखालून अक्कांच्या पायाची बोटंही दिसत. छापताना आप्पा ती कापून टाकत.

आप्पांच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारची माणसं होती, कापडाची घडी घालणारी आणि कापड गुंडाळणारी. घडी घालणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "घडी घाली का कापडनं हाड मोडस, बाई. मंग कितली बी इस्त्री फिरावा." त्यांचे पाचही पडदे नळ्यांवर गुंडाळून माळ्यावर आडवे ठेवलेले असत, वर जुन्या धोतराचं आवरण. उद्या फोटो असला की आजच पडदा टांगून ठेवायचा, म्हणजे कापड स्वतःच्या वजनाने उतरतं. मखमलीला समोरून इस्त्री लावायची नाही, उलट्या बाजूने, तीही मध्ये ओलं फडकं ठेवून. गिऱ्हाईकाला हे सगळं ऐकावं लागे. पोराच्या शाळेच्या फॉर्मसाठी दोन फोटो काढायला आलेला माणूस पाऊण तासाने कापडशास्त्राची पदवी घेऊन घरी जाई.

बरं, हा माणूस स्वतः कसा राहत असेल? आप्पांचा शर्ट नुकताच मडक्यातून काढल्यासारखा दिसे. पायजम्याबद्दल तर न बोललेलं बरं. अक्का इस्त्री करून देत, आप्पा दहा मिनिटांत त्याची वाट लावत. पण समोर दुसरं कुठलंही कापड आलं की त्यांचे हात शिवशिवत. माझ्या खोलीत पहिल्यांदा चहाला आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी माझ्या पलंगावरची चादर चारही बाजूंनी ओढून घेतली, आणि मग तिच्यावर सळ पडू नये म्हणून खाली जमिनीवर बसले.

याची हद्द झाली ती आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या लग्नात. मांडव भरलेला, नवरानवरी पाटावर उभी, मध्ये अंतरपाट धरलेला, भटजींनी मंगलाष्टकाला सुरुवात केलेली. आमच्या हातात अक्षता. आप्पा पहिल्या रांगेत कॅमेरा घेऊन उभे. मी पाहत होते, त्यांचा जीव खालीवर होत होता. अंतरपाट नव्या कापडाचा होता, पिशवीतून घडी मोडून तसाच काढलेला. दुसरं मंगलाष्टक संपलं आणि आप्पांनी हात वर केला.

"थांबा, महाराज."

सनई थांबली. कोणाला वाटलं मुहूर्त चुकला, कोणाला वाटलं नवऱ्याचं काहीतरी बाहेर आलं. मुलीचे मामा घाबरून पुढे धावले. आप्पा शांतपणे पाटाशी गेले, अंतरपाट धरणाऱ्या दोघांना "ताना, आजून ताना" म्हणाले, खिशातून फवाऱ्याची बाटली काढली आणि दोन्ही बाजूंनी फुसफुस पाणी मारलं. नवरदेवाच्या मुंडावळ्या भिजल्या. मग ते मागे सरकले, एक डोळा मिटला आणि भटजींना म्हणाले, "हां, आते व्हऊ द्या." मुलीचे मामा त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. पुढे अल्बम पाहिल्यावर बोलायला लागले.

त्यांच्या शास्त्रातला सगळ्यात मोठा शोध कुकरचा होता. वाफेने कापड सरळ होतं हे त्यांना ठाऊक होतं, पण वाफेची विकतची इस्त्री त्यांना पोरखेळ वाटे. त्यांनी कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी बसवली, गॅसची शेगडी पडद्याजवळ आणली आणि नळीच्या तोंडाने पडद्यावर वाफ सोडू लागले. खरं सांगते, काम बेफाम होई. हे असं घरी कोणी करू नये, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. एके दिवशी अक्कांनी उडदाची डाळ शिजायला लावली होती आणि आप्पांना ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून घाई होती. नळी बसली, वाफ आली आणि वाफेमागोमाग डाळ आली. पांढऱ्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत हळदीचं झाड उगवलं. मी आवाज ऐकून खाली धावले तेव्हा आप्पा नळी हातात धरून उभे होते, मिशीत डाळ होती, आणि ते पडद्याकडे पाहत म्हणत होते, "पन सळ देखा, बाई. सळ नही ऱ्हायनी."

आतून अक्का म्हणाल्या, "मंग आते पडदाच कालवीसन खा."

सगळ्यात जास्त त्रास त्यांनी दिला तो एका शेठजींना. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घर, बाजारात कापडाची मोठी पेढी. आजीच्या पंचाहत्तरीला सगळ्या कुटुंबाचा फोटो हवा म्हणून अकरा माणसं नटूनथटून त्या अरुंद खोलीत येऊन बसली. मी वरून मजा पाहायला म्हणून खाली आले आणि दाराशी उभी राहिले. तासभर झाला तरी आप्पा पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातच अडकलेले. चिमटा काढायचा, दोन बोटं वर लावायचा, पुन्हा काढायचा. मिरचीचेच दिवस होते. लहान पोरं शिंकू लागली, त्यांच्या मागे सुना, त्यांच्या मागे पडद्याआडून अक्का. शिंक आली की पडदा हले, पडदा हलला की आप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

"आप्पा," शेठजी शेवटी म्हणाले, "फोटो आमना काढतस का पडदाना?"

फोटो आला तेव्हा त्यात आजी गाढ झोपल्या होत्या, शेठजी घड्याळ पाहत होते, दोन पोरं शिंकेच्या मध्यावर होती आणि धाकटी सून खोलीतून केव्हाच निघून गेली होती. आप्पांनी मोठ्या विश्वासाने फोटो पुढे केला. "पडदा देखा, शेठ!" शेठजींचा पारा चढलेला होता, पण माणूस जातिवंत कापडाचा. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, फोटो उजेडाकडे नेला आणि त्यांचा चेहरा बदलला. "कोनता माल शे हाऊ?" त्यांनी विचारलं. मग तासभर दोघे कापडावर बोलत बसले. तो फोटो शेठजींच्या पेढीवर आहे. गिऱ्हाईक आजींकडे न पाहता मागचं कापड मागतं, असं ते सांगत.

आता अक्कांबद्दल. या बाईंचा एकही फोटो नव्हता. पुढच्या खोलीच्या भिंतीवर अर्धं नंदुरबार टांगलेलं होतं. नवरे, नवऱ्या, बारशी, पैलवान, निवडून आलेले आणि पडलेले. त्यात अक्का कुठेच नव्हत्या. आधार कार्डावर होत्या, पण त्याबद्दल त्या म्हणत, "तो फोटो देखीसन मीच मले वळखत नही."

यामागे एक कथा होती आणि ती अक्का मला दर उन्हाळ्यात कुरडया घालताना सांगत. त्यांच्या लग्नात फोटो काढायला आप्पांचा मित्र होता, कॅमेरा आप्पांचाच. सगळं छान चाललेलं असताना आप्पांच्या लक्षात आलं की बोहल्यामागे लावलेल्या कापडाला सळ आहे. झालं. नवरदेव बोहल्यावरून उठले, मित्राच्या हातून कॅमेरा घेतला, किती फोटो बाकी आहेत ते पाहायच्या गडबडीत भर उन्हात मागचं झाकण उघडलं. सगळा रोल उजेड खाऊन वाया गेला. नवी नवरी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी आप्पांनी शब्द दिला की झकास पडदा लावून तुझा असा फोटो काढीन, की लोक पाहत राहतील.

त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. अक्का मधूनमधून विचारत, "आयकं का, मन्हा फोटो कवय काढश्यात?" आप्पा दर वेळी तितक्याच गंभीरपणे म्हणत, "काढसूत ना. तुन्हा फोटोले साधा पडदा चालाव नही. चांगला भेटू दे." ते खोटं बोलत नव्हते. त्यासाठी ते खरंच सुरतेला जात. नऊ फुटी नळीवर गुंडाळलेली मखमल पॅसेंजरमध्ये खिडकीतून आत घालत आणि नंदुरबार येईपर्यंत तिला कोणी पिशवी टांगू नये म्हणून उभे राहत. एकदा नवापूरला अंड्यांचे ट्रे घेऊन एक पोल्ट्रीवाला चढला. दोघे एकमेकांच्या मालाला हात लावू नका म्हणून डब्यातल्या लोकांना ओरडत आले आणि उतरताना जिवलग झाले. एवढं करून आणलेली मखमल घरी टांगली, की तिच्यात कुठेतरी केसाएवढी सळ निघे. मग ती गिऱ्हाइकांसाठी वापरायची आणि अक्कांचा फोटो पुढच्या कापडापर्यंत थांबायचा.

खरं तर अडचण वेगळीच होती आणि ती अक्कांना ठाऊक होती. "मी फोटोले बठसू," त्या मला हळूच म्हणाल्या होत्या, "ते पडदा कोन धरी?"

मुलगा रघू सुरतला साड्यांच्या कारखान्यात नोकरीला. त्याने एका दिवाळीला वडिलांसाठी नव्या प्रकारचा पडदा आणला. रबरासारखं ताणणारं कापड, सोबत चौकट. चौकटीवर चढवलं की झालं, चिमटे नकोत, पाणी नको, इस्त्री नको, कोणी धरायला नको. रघूने दोन मिनिटांत तो उभा केला. एकही सळ नव्हती. आप्पा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बराच वेळ बसले. नखाने ओढून पाहिलं, चुरगाळून पाहिलं, सोडलं की पुन्हा जसाच्या तसा. घरात कोणी आजारी असावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"आप्पा, कसा शे?" रघूने विचारलं.

"चांगला शे," आप्पा म्हणाले. "याम्हा आपलं काय काम शे पन?"

दुसऱ्या दिवशी तो पडदा कूलरवर झाकण म्हणून घातलेला दिसला. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

माझ्या सहाव्या वर्षी फाल्गुनात अक्कांना धाप लागू लागली. जिना त्या चढत नसत, पण दारात उभ्या राहिल्या तरी दम लागे. पडदा धरलेला असताना मध्येच कड सैल पडे आणि आप्पा ओरडत, "धर ना व!" मग एकदा फोटोच्या मध्येच त्या खाली बसल्या. रघू येऊन सुरतला घेऊन गेला. हृदयाची झडप बदलायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. वय पाहता धोका आहे, हेही सांगितलं. तारीख ठरली आणि त्या तयारीसाठी चार दिवस घरी आल्या.

त्या चार दिवसांत आप्पांनी कुठलंच कापड सरळ केलं नाही. माझी चादर अस्ताव्यस्त होती, ते तिच्यावर खुशाल बसले.

निघायच्या दिवशी सकाळी अक्कांनी आकाशी काठाचं लुगडं नेसलं, कपाळाला मोठं कुंकू लावलं आणि खालून मला हाक मारली. मी गेले तर त्या स्टुडिओतल्या स्टुलावर बसलेल्या. रघूची गाडी दाराशी.

"आयकं का," त्या आप्पांना म्हणाल्या, "मन्हा फोटो काढा. आते चांगला पडदानी वाट देखाले मले टाईम नही."

आप्पा गडबडले. माळ्यावरून नव्या मखमलीची नळी काढायला निघाले. मग त्यांना कूलरवरचा रघूचा पडदा आठवला, तो घ्यायला धावले. अक्कांनी दोन्हीला नाही म्हटलं. "तो रबरना नको. हिरवा लावा. इतला वरीस मी त्याले धरं, आते तो मन्हा मांगे उभा ऱ्हाऊ दे."

हिरवा पडदा लागला. उजवीकडचे चिमटे लागले, खालची नळी लागली. डावी कड लोंबत राहिली. आम्ही तिघं तिच्याकडे पाहत होतो. रघू गाडीत पिशव्या ठेवत होता. मी पुढे झाले, तर आप्पांनी हाताने अडवलं, कॅमेरा माझ्याकडे दिला, कुठलं बटण ते दाखवलं आणि स्वतः पडद्याआड गेले. डाव्या काठावर त्यांची चार बोटं आली.

"बाई, सांगा, सरळ शे का?"

सरळ नव्हता. वर ओढला की खाली चुणी, खाली ओढला की मध्ये. "जरा अजून वर, आप्पा. नाही, नाही, एवढा नको." आतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या दारात उकाडा होता आणि वर हात धरून उभं राहिलं की पाचव्या मिनिटाला खांदे भरून येतात, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. मग ओढाताण एकदम थांबली.

"आठे कापड झिरझिरीत व्हयी गयं," आप्पा पडद्यामागून म्हणाले. "बोटं लागीसन."

"व्हईच ना," अक्का मागे न पाहता म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं. "लगनम्हा बी आसंच व्हतं. मी आठे आनि तुम्ही पडदामांगे. महाराजले बलावू का?"

त्या हसल्या तेव्हा मी बटण दाबलं.

आप्पा बाहेर आले, घामाने निथळत, डोळे लाल. मिरचीचा हंगाम संपून महिना झाला होता. त्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं. अक्का मोकळ्या हसत होत्या, एक हात पदराशी. आणि मागे, पडद्याच्या डाव्या काठापासून थेट त्यांच्या खांद्यापर्यंत, आप्पांची बोटं होती तिथून निघालेली एक लांब, ठसठशीत सळ होती. यापेक्षा निम्म्या सळीसाठी या माणसाने शेठजींच्या आजींना झोपवलं होतं. मी म्हटलं, "आप्पा, परत काढू या?"

"नको," आप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

"सळ पडनी का?" अक्कांनी विचारलं.

"नही. एक बी नही," आप्पा म्हणाले. सळीबद्दल ते खोटं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकलं.

गाडी गेली. ते पंधरा दिवस मी खालून जाताना दार बंद असे आणि मला ते दार पाहवत नसे. रघूचा फोन आला की आधी घाबरायला होई. पण अक्कांनी डॉक्टरांना काही त्रास दिला नाही. झडप बसली. परत आल्या त्या बारीक होऊन, आवाज मात्र तोच. आल्या आल्या त्यांना पुढच्या खोलीत, भिंतीवर सगळ्यांच्या मधोमध आपला फोटो दिसला. आप्पांनी तो एवढा मोठा करून लावला होता, की दोन पैलवान आणि एक नगरसेवक खाली उतरवावे लागले होते. अक्का जवळ गेल्या, चष्मा सारखा केला.

"हाई काय शे?" त्यांनी बोट ठेवलं. "मी मराले टेकनू व्हतू आनि तुम्हले इतलीशी कड धरता उनी नही? इतला वरीस मले वरडतस, धर ना व, धर ना व!"

"धराले भलतं जड शे वं ते," आप्पा म्हणाले. एवढंच म्हणाले. पुढे कोणी गिऱ्हाईक त्या सळीकडे बोट दाखवी, तेव्हा ते कापडशास्त्र न सांगता विषय बदलत.

त्याच वर्षी माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढलं होतं. निरोप घ्यायला मी खाली उतरले, तर अक्का म्हणाल्या, ओळखपत्रावर तू दचकलेली आहेस, आता एक चांगला काढून जा. डॉक्टरांनी त्यांना उभं राहायला मनाई केली होती, पण बसायला नव्हती. त्या कॅमेऱ्याजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या, चष्मा नाकावर, बोट बटणावर. मला पडद्यासमोर उभं केलं. खोलीत आप्पा दिसत नव्हते. पडद्याच्या डाव्या काठावर चार बोटं होती.

"आयकं का," अक्का ओरडल्या, "खालतीन सळ पडनी. ताना!"

"तानी ऱ्हायनू ना," आतून आवाज आला. "लवकर कर. दूध उतू जाई."

मी हसतेय असा तो फोटो आहे. मागच्या पडद्याला दोनतीन सळी आहेत आणि खालच्या काठाखाली आप्पांच्या पायाचे दोन अंगठे आले आहेत. ते कापून टाक, असं आप्पांनी माझ्यासमोर दोनदा बजावलं होतं. अक्कांनी कापले नाहीत.